नाममुद्रा एकाची, कवन अनेकांचे

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. हलके धान घरात आलेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते आणि सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात. दिवसा बाजार आणि रात्री खडी गंमत, दंडार किंवा नाटक, हा या मंडईचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी ही परंपरा दोन्ही जिल्ह्यांची सामाईकच राहिली. उभ्याने सादर होते म्हणून ती ‘खडी’ गंमत. शाहीर डफावर थाप मारतो, मागचे साथीदार झील धरतात, पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचतो आणि दोन फडांचा सामना जुंपला की सवाल-जवाबात रात्र कशी सरली ते कळत नाही.

या रात्रभरात म्हटली जाणारी कवने श्रोत्यांना तोंडपाठ असतात; पण ती कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर एकाच कवनाला तीन उत्तरे मिळण्याचा संभव असतो. गाणारा म्हणतो, आमच्या गुरूंचे. पलीकडच्या गावचा फड म्हणतो, आमच्याकडून गेलेले. आणि वाचनाची सवय असलेला एखादा गृहस्थ म्हणतो, हे तर छापील पुस्तकातले. तिघेही प्रामाणिक असू शकतात, आणि खरी अडचण हीच आहे.

‘कवन कोणाचे?’ हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या फुरसतीचा विषय वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कवनाला चिकटलेल्या नावावर आज मान अवलंबून आहे, ध्वनिमुद्रिकेचे उत्पन्न अवलंबून आहे आणि म्हाताऱ्या कलावंताचे मानधनदेखील अवलंबून आहे. म्हणूनच मराठी शाहिरी वाङ्‌मयात नाव कसे लागते, कसे गळते आणि कोणाचे गळते, याचा विचार भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात अधिक निकडीने व्हावयास हवा. कारण जी परंपरा पुण्यात ग्रंथालयाच्या कपाटात गेली, ती येथे अजून माणसांच्या तोंडी आहे.

दोन नावांचा एक शाहीर

या प्रश्नाचे सर्वपरिचित उदाहरण अर्थातच होनाजी बाळाचे. ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. शाळेत, आकाशवाणीवर, देवळात ती ऐकली जाते आणि ‘होनाजी बाळा’ या नावावर सांगितली जाते. पुष्कळांची समजूत अशी असते की होनाजी हे पहिले नाव आणि बाळा हे लाडाचे किंवा आडनावासारखे जोडनाव. वास्तविक ही दोन वेगळी माणसे होती. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी आणि बाळा करंजकर हा शिंपी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांचा फड नावारूपाला आला आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतरही त्यांची कवने टिकून राहिली. परंपरेने कामाची वाटणी अशी सांगितली आहे की होनाजी रचीत असे आणि बाळा गात असे. म्हणूनच दोघांचे मिळून एक नाव झाले.

ही वाटणी ऐकावयास सोपी आहे; पण फडाचे काम ज्याला माहीत आहे त्याला ती पुरेशी वाटणार नाही. लावणी ही कागदावर पुरी होत नाही. शब्द चालीवर बसतो की नाही, झील कोठे पडते, ढोलकी कोणत्या अक्षरावर थांबते, श्रोता कोणत्या ओळीला मान डोलावतो, यावर शब्द बदलतात, ओळ लांबते, एखादे कडवे गळते. ज्याने आयुष्यभर एकच कवन शेकडो बैठकांत म्हटले, त्या गायकाचा हात त्या कवनात नसेलच, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? त्या काळच्या लोकांनी याचे उत्तर मोठ्या शहाणपणाने दिले होते. त्यांनी दोन्ही नावे एकत्र उच्चारली. आपण मात्र पुढे त्यातील एकालाच कवी ठरवून दुसऱ्याला साथीदार करून टाकले.

१९५१ साली व्ही. शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट आला. वसंत देसाई यांच्या संगीतात, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात ही भूपाळी नव्याने घराघरांत पोहोचली. चित्रपटाला नायक एकच लागतो. तो होनाजी झाला. यात कोणाचा दोष नाही, कथेची ती गरजच असते. तथापि परिणाम असा झाला की आज ‘घनश्याम सुंदरा’ म्हणताच डोळ्यांपुढे एक कवी उभा राहतो, एक फड उभा राहत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या घरात तमाशाचे नाव काढण्याची चोरी होती, त्या घरातही ही भूपाळी देवघरात जाऊन बसली. कवन शिष्टसंमत झाले, कवी पूज्य झाला. ज्या फडात ते जन्माला आले तो फड मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला.

नाममुद्रा म्हणजे काय?

कवनाच्या शेवटच्या कडव्यात येणाऱ्या नावाला आपण नाममुद्रा म्हणतो आणि तिला दस्तऐवजावरील सहीचा मान देतो. कचेरीत ज्याची सही त्याचा दस्त, हा न्याय आहे. फडात तो जसाच्या तसा लागू होत नाही. कोकणातून पुण्यास आलेला प्रभाकर हा उत्तर पेशवाईतील मोठा शाहीर. त्याच्या अनेक रचनांच्या अखेरीस त्याच्या नावासोबत गंगू हैबती हेही नाव येते. हे नाव ज्या फडासाठी तो कवने रचीत असे, त्या फडाचे. म्हणजे एकाच मुद्रेत रचणारा आणि गाणारा फड दोन्ही नोंदले गेले आहेत. ज्याला हे ठाऊक नाही, असा वाचक एक नाव घेईल आणि दुसरे सोडून देईल. कोणते सोडील, हे त्याच्या हाती पडलेल्या प्रतीवर आणि कधी कधी त्याच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहील.

कलगी-तुऱ्याच्या परंपरेत तर मुद्रेचा अर्थ आणखी विस्तारतो. तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात, कलगीवाले शक्तीचा. दोन्ही पक्षांत गुरुपरंपरा महत्त्वाची. शेवटच्या कडव्यात गुरूचे नाव, गावाचे नाव, कधी साथीदारांची नावे ओवली जातात. तेथे नाव येणे याचा अर्थ ‘हे मी रचले’ एवढाच होत नाही. ‘मी अमक्याच्या घराण्यातला’ असाही होतो. शिष्याने रचून गुरूच्या नावे अर्पण करणे ही तेथे चोरी नव्हे, ती भक्ती. उलट, गुरूचे कवन शिष्याने स्वतःच्या नावाने म्हटले, तर तो मात्र अपराध. मुद्रेतील क्रियापदही पाहावे. ते बहुधा ‘म्हणे’ किंवा ‘गाई’ असे असते, ‘लिही’ असे नसते. मुद्रा म्हणण्याची ग्वाही देते, लिहिण्याची नव्हे.

हे केवळ शाहिरांपुरते आहे असेही नाही. संतवाङ्‌मयाच्या अभ्यासकांना नामदेवांच्या गाथेचा प्रश्न सुपरिचित आहे. ज्ञानेश्वरांच्या समकालीन नामदेवांच्या अभंगांत पुढच्या काळातील विष्णुदास नाम्याच्या आणि इतरांच्या रचना मिसळल्या आणि ‘नामा’ या एका मुद्रेखाली अनेक कवी एकवटले. त्या मिसळणीमागे लबाडी नव्हती. पुष्कळदा आपली ओळ आपल्याहून थोर नावाच्या आश्रयाला ठेवण्याची श्रद्धा होती, आणि काही ठिकाणी नावांचा साधा सारखेपणा होता. अभ्यासकांनी ही गुंतागुंत मान्य केली आणि गाथा फेकून दिली नाही. भाषा, काळ आणि हस्तलिखिते यांच्या आधारे ती उकलण्याचा प्रयत्न केला. शाहिरी कवनांना हाच न्याय मिळावयास हवा.

छापखाना आला आणि एक नाव उरले

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या. पेशव्यांचा आश्रय संपला आणि छापखाना आला. पहिल्या घटनेने फड विस्कळीत झाले, दुसरीने कवने पुस्तकात गेली. १८६९ साली जोतीराव फुले यांचा शिवाजी महाराजांवरील पवाडा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता कोण, याविषयी मुखपृष्ठच बोलते. ही नवी पद्धत होती. एक रचना, एक कर्ता, एक वर्ष. यानंतर वाचकाची अशी सवय झाली की प्रत्येक जुन्या कवनालाही असेच मुखपृष्ठ असले पाहिजे, आणि नसेल तर ते आपण तयार केले पाहिजे.

१८९१ साली हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. हे काम अतिशय मोलाचे होते, याविषयी दुमत होऊ नये. गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडून व बाडांतून पोवाडे गोळा झाले नसते, तर त्यांतील कित्येक आज कोणाला ठाऊकही नसते. तथापि छापताना प्रत्येक पोवाड्याचा एक पाठ निश्चित करावा लागतो आणि एक नाव लिहावे लागते. अफजलखानाच्या वधावरील पोवाड्याचे उदाहरण घ्यावे. त्याचा कर्ता कोठे अज्ञानदास म्हणून येतो, कोठे अगिनदास म्हणून. एका शाहिराची ही दोन रूपे. आणि ज्या विद्यार्थ्याच्या हाती जे पुस्तक पडले, तेच त्याला खरे वाटते. पुढे यशवंत नरसिंह केळकर यांनी पोवाड्यांच्या आणि तंतकवींच्या शोधात आयुष्य वेचले, म. वा. धोंड यांनी लावणीचा मर्मग्राही विचार केला. अशा अभ्यासकांमुळे आपल्याला पाठभेदांची जाणीव झाली. सामान्य वाचकापर्यंत मात्र पाठभेद पोहोचले नाहीत. नाव तेवढे पोहोचले.

येथे आणखी एक भेद दिसतो. सोलापूरचे रामजोशी किंवा संगमनेरचे अनंत फंदी यांच्या चरित्रकथा आपल्याकडे तपशिलाने सांगितल्या जातात. ज्यांनी लिहून ठेवले किंवा ज्यांच्याविषयी लिहिणारे भेटले, त्यांची चरित्रे उभी राहिली. बाळा करंजकराविषयी मात्र त्याची जात आणि त्याचा आवाज यापलीकडे सामान्य वाचकाला फारसे काही ठाऊक नसते. पुढच्या काळात पठ्ठे बापूराव आणि पवळा या जोडीच्या बाबतीतही तेच झाले. लावण्या बापूरावांच्या नावावर राहिल्या. ज्या पवळाबाईने त्या रंगमंचावर जिवंत केल्या, तिचे नाव आख्यायिकेत राहिले. शब्द रचणारा कवी आणि शब्दाला प्राण देणारी कलावंत यांच्या श्रमांची किंमत आपल्या समाजाने कधीच एका तराजूने केली नाही.

ओहायोमधील एक थडगे

हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ‘मिन्स्ट्रेल’ नावाचा खेळ फार लोकप्रिय होता. गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या गुलामांच्या बोलीची आणि नाचगाण्याची नक्कल करीत. या खेळांतून निघालेले सर्वांत प्रसिद्ध गीत म्हणजे ‘डिक्सी’. १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रायंट यांच्या मंडळीने ते रंगमंचावर आणले. ओहायो राज्यातील माउंट व्हर्नन गावचा डॅनियल एमेट हा त्याचा कर्ता म्हणून मान्य झाला आणि प्रकाशकाने त्याच्याकडून त्याचे हक्क अवघ्या ३०० डॉलरला विकत घेतले. दैवगती अशी की लवकरच यादवी युद्ध पेटले आणि गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेने हेच गीत आपले राष्ट्रगीत असल्याप्रमाणे म्हटले. १८६५ साली युद्ध संपत आले असता अध्यक्ष लिंकन यांनी ते वाद्यवृंदाकडून मुद्दाम वाजवून घेतले.

एमेटच्या हयातीतच इतरांनीही या गीतावर हक्क सांगितला होता. त्यांपैकी विचार करावयास लावणारा दावा स्नोडेन कुटुंबाचा. हे काळे कुटुंब माउंट व्हर्ननजवळच राहत असे आणि गावोगाव गाऊन-वाजवून आसपासच्या मुलखात प्रसिद्ध होते. बेन आणि ल्यू या दोन स्नोडेन भावांच्या थडग्यावर १९७६ साली एक दगड बसविण्यात आला आणि एमेटला डिक्सी यांनीच शिकविले, अशा आशयाचे शब्द त्यावर कोरण्यात आले. १९९३ साली हॉवर्ड आणि जुडिथ सॅक्स या दांपत्याने या कुटुंबावर ग्रंथ लिहून हा दावा साधार चर्चेत आणला. आक्षेप असा की गीत रंगमंचावर आले तेव्हा हे भाऊ लहान होते. त्यावर उत्तर असे की प्रश्न भावांचा नसून त्यांच्या आईवडिलांचा आहे. निर्णायक कागद कोणाच्याही हाती नाही.

या कथेतून मराठी वाचकाने घ्यावयाची गोष्ट अशी, की एमेट खोटा होता असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या खेळाचा अवघा व्यापारच काळ्या माणसांच्या गाण्याची नक्कल करण्यावर उभा होता, त्या खेळातील गीताची विचारणा करताना एकाही काळ्या गायकाचे नाव त्या वेळी कोणी टिपून ठेवले नाही, ही वस्तुस्थिती आहे. छापखाना एमेटच्या बाजूला होता. स्नोडेन कुटुंबाच्या बाजूला शेजाऱ्यांची आठवण होती. आठवणीला दगडावर कोरले जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. छापण्याचे साधन ज्याच्या हाती, गीत त्याच्या नावे, हा नियम पुण्यातही चालला आणि ओहायोतही.

आजचा प्रश्न

आता भंडाऱ्याकडे वळले तर काय दिसते? छापखान्याची जागा प्रथम कॅसेटने घेतली आणि आता भ्रमणध्वनीने घेतली आहे. मंडईतील गंमत कोणीही चित्रित करतो आणि ती त्याच रात्री जगभर जाते. पाटीवर नाव असते ते चित्रण करणाऱ्याचे, मंडळाचे किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचे. शाहिराचे असेलच असे नाही, आणि ढोलकीवाल्याचे तर बहुधा नसतेच. आषाढ-श्रावणात रोवणीच्या वेळी चिखलात वाकून बायका जी गाणी म्हणतात, त्यांना तर नाममुद्राही नसते. एखादा हौशी गायक त्या गाण्यांना वाद्यमेळ जोडतो, आणि ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द लिहून झाला की त्याची जबाबदारी संपते.

कायद्याने या ठिकाणी काही दिले आहे आणि काही दिलेले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावर ते करविणाऱ्या निर्मात्याचा हक्क ६० वर्षे राहतो. ज्या कवनाचा कर्ता मरून ६० वर्षे लोटली, त्या कवनाच्या शब्दांवर कोणाचाच हक्क उरत नाही. म्हणजे होनाजीची भूपाळी सर्वांची, पण तिचे अमुक एक ध्वनिमुद्रण कंपनीचे. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव सादरीकरणाशी जोडले जावे असा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकारही त्याला मिळाला. ही तरतूद चांगली आहे. पण ती ठाऊक असलेले शाहीर किती, आणि ठाऊक असून वकिलाकडे जाण्याचे सामर्थ्य असलेले किती?

दुसरा प्रश्न मानधनाचा. वृद्ध साहित्यिक आणि कलावंत यांना राज्य शासन मानधन देते, ही समाधानाची गोष्ट आहे. अर्जासोबत कलाक्षेत्रातील कामगिरीचे पुरावे जोडावे लागतात, आणि शासनाचा पैसा असल्याने पुरावा मागणे गैर म्हणता येणार नाही. पण ज्याने पन्नास मंडया गाजविल्या आणि ज्याचे नाव एकाही छापील कागदावर आले नाही, त्याने पुरावा आणावा कोठून? बाळा करंजकराचे श्रेय बुडाले, त्याने आता बाळाचे काही बिघडत नाही. आजच्या शाहिराचे नाव गळाले तर त्याच्या म्हातारपणाचा आधार गळतो. वाङ्‌मयेतिहासातील एक जुना वाद असा घराच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

नोंद कोणी करावी?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. लोकगीत हे लोकांचे. त्याला नावांची उपाधी कशाला? हा आक्षेप वरकरणी उदार आहे. पण अनुभव असा, की नावे गळतात ती सर्वांची सारखी गळत नाहीत. आश्रयदात्याचे नाव राहते, संपादकाचे राहते, कंपनीचे राहते. गवळ्या-शिंप्याचे, ढोलकी वाजविणाऱ्याचे, रोवणीतल्या बाईचे तेवढे ‘लोक’ या शब्दात विरघळते. गीत सर्वांचे असावे यात वाद नाही; पण सर्वांचे म्हणजे कोणाचेच नव्हे, असे होऊ नये.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येईल. प्रत्येक कवनाला एक कर्ता शोधून द्या आणि वाद मिटवा, असे काही जण म्हणतील. हा उपाय रोगापेक्षा वाईट. पुराव्यावाचून लिहिलेले नाव पुढच्या पिढीला पुरावा वाटू लागते. एका गावाच्या अभिमानासाठी दुसऱ्या गावाचा हक्क बुडविणे हा संशोधनाचा मार्ग नव्हे.

योग्य मार्ग या दोहोंच्या मधला आहे आणि त्यासाठी मोठी संस्था वा मोठे अनुदान लागत नाही. एक वही पुरे. कवन कोणी म्हटले, कोणत्या गावी, कोणत्या मंडईत, कोणत्या तारखेस. त्याने ते कोणाकडून शिकले आणि त्या गुरूने कोणाकडून. ढोलकीवर कोण होते, झील कोणी धरली. शेवटच्या कडव्यात कोणते नाव आले. आणि तेच कवन दुसऱ्या गावी कोणत्या शब्दांत ऐकू आले. एवढ्या नोंदी केल्या की ‘कर्ता कोण’ हे आज ठरविलेच पाहिजे असे नाही. ते ठरविण्याची सामग्री मात्र उद्यासाठी शिल्लक राहते. अभ्यासक पाठभेदांवर, भाषेवर, उल्लेखिलेल्या घटनांवर आणि बाडांच्या काळावर आपला निर्णय बांधतात. नोंदच नसेल तर उत्तम अभ्यासकही हतबल होतो.

येथे शिक्षकांना एक विनंती करणे अगत्याचे आहे. कवन उतरवून घेताना ते शुद्ध करू नये. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. शाळेच्या वहीत ही चूक ठरत असेल; कवनाच्या वहीत तो पुरावा आहे. एखादी रचना पुण्याकडून पुस्तकाबरोबर आली की वैनगंगेच्या काठीच जन्मली, हे पुष्कळदा अशा एका अक्षरावरून उमगते. तांबड्या शाईने ते अक्षर दुरुस्त केले की कवनाचा जन्मदाखलाच पुसला जातो. झाडीबोलीच्या अभ्यासकांनी आणि तिच्या साहित्य चळवळीने गेल्या काही दशकांत या बोलीला प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. तिचा खरा उपयोग अशा ठिकाणी व्हावयास हवा.

सात तालुक्यांत महाविद्यालये आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधिकेसाठी विषय हवा असतो आणि तो बहुधा छापील कादंबऱ्यांतच शोधला जातो. एका विद्यार्थ्याने एका फडाची वही केली, तर दहा वर्षांत जिल्ह्याचा शाहिरी दफ्तरखाना उभा राहील. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने मंडईची परवानगी देताना फडातील सर्व कलावंतांची नावे अर्जावर लिहून घेतली आणि तो कागद जपून ठेवला, तर तोच कागद उद्या एखाद्या म्हाताऱ्या झीलकऱ्याच्या मानधनाच्या अर्जाला जोडता येईल. निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटकाच्या आणि प्रमुख पाहुण्यांच्या नावांना जेवढी जागा मिळते, तिच्यातील चार ओळी फडाला दिल्या तर कोणाचे नुकसान होणार नाही.

होनाजी आणि बाळा यांच्यात कोणी किती रचले, हा वाद बहुधा कधीच सुटणार नाही. आणि तो सुटला नाही तरी भूपाळीच्या गोडीत उणेपणा येणार नाही. पण त्यांच्या काळच्या श्रोत्यांनी एक गोष्ट बिनचूक केली होती. त्यांनी गवळ्याचे नाव घेताना शिंप्याचे नाव सोडले नव्हते. शिकलेल्या पिढ्यांनी त्यांच्याहून अधिक पुस्तके वाचली. तेवढा न्याय मात्र त्यांना साधला नाही. येत्या मंडईत तो साधावयास प्रारंभ करता येईल, आणि त्यासाठी लागणारी वही दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळते.